इस्राएलाचे सरदार आणि वडील नेमकं काय करायचे, हे बायबलमधून शोधायचं कसं

जुना करार पहिल्यांदा नेटाने वाचायला घेतलेली बरीच मंडळी गणना या पुस्तकापाशी अडकतात. उत्पत्ती छान जातं, निर्गम पण जातं, लेवीय कसंबसं ढकललं जातं, आणि मग गणनेचा पहिलाच अध्याय उघडला की अमक्याचा मुलगा तमका, या वंशाचे एवढे हजार, त्या वंशाचे तेवढे हजार, आणि वाचणारा पानं उलटत थेट बलामाच्या बोलक्या गाढवीच्या गोष्टीपर्यंत जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा समाज राजा नसताना चालायचा कसा, भांडण झालं तर कोणाकडे जायचे, जमीन कोण वाटायचं, लढाईला माणसं कोण गोळा करायचं, हे सगळं याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या पानांत आणि पुढच्या यहोशवा-शास्ते-रूथ मध्ये पडलेलं आहे. फक्त ते एका जागी नाहीये, वेचून काढावं लागतं. कसं वेचायचं तेच इथे सांगतोय. बायबल स्टडी घेणाऱ्यांना उपयोग होईल, आणि धर्म बाजूला ठेवून नुसता इतिहास म्हणून वाचणाऱ्यांनाही.

सामान फार लागत नाही. एक मराठी बायबल, एक वही, पेन. वहीत चार रकाने आखा: कोण, कुठे, काय ठरवलं, आणि लोकांनी ते मानलं का. चौथा रकाना विसरू नका, कारण माझ्या मते या सगळ्या नेत्यांचं खरं रूप तिथेच दिसतं. आपण इस्राएलाचे, म्हणजे याकोबाच्या मुलांपासून आलेले, बारा वंश म्हटलं की डोळ्यासमोर बारा छोटे राजे आणतो, प्रत्येकाचा हुकूम चालतोय असे. तसं नव्हतं. यांच्यापैकी जवळजवळ कोणाकडेच आपलं म्हणणं जबरदस्तीने राबवायला पगारी सैन्य नव्हतं, पोलीस नव्हते, त्यामुळे ज्याचं त्याच्या माणसांनी ऐकलं तो पुढारी, आणि ऐकायचं बंद केलं की संपलं.

आधी थर समजून घ्या

याच्याशिवाय पुढे जाऊच नका. यहोशवाचा ७ वा अध्याय उघडा, आखानाची गोष्ट. जिंकलेल्या यरीहो शहराच्या लुटीतलं काहीतरी कोणीतरी लपवलंय आणि कोण ते शोधायचंय. शोधायची पद्धत बघा. आधी वंश पुढे येतात, त्यातून यहूदा निघतो. मग यहूदाची कुळं येतात, त्यातून जेरहाचं कूळ. मग त्या कुळातली घराणी, त्यातून जब्दीचं घराणं. मग त्या घराण्यातले पुरुष एकेक करून, आणि शेवटी आखान. म्हणजे वंश, कूळ, घराणं, माणूस. या समाजाचा अख्खा नकाशा एका तपासाच्या गोष्टीत मिळाला.

यातलं मधलं जे कूळ आहे ते आपल्याला पटकन कळतं कारण आपल्याकडे गावात भावकी असते ना, साधारण तसंच: एकाच पूर्वजाचे मानलेले, शेजारी शेजारी जमिनी असलेले, लग्नाकार्याला आणि भांडणाला एकत्र येणारे. रोजच्या जगण्यात माणसाला वंशापेक्षा या कुळाचा आणि घराण्याचा संबंध जास्त यायचा. वंश म्हणजे मोठ्या प्रसंगाची गोष्ट, लढाई, जमिनीची वाटणी, मोठी सभा.

घराणं म्हणजे काय तेही डोळ्यासमोर आणा. डोंगराळ भागात, म्हणजे जेरुसलेमच्या उत्तरेला एफ्राइम आणि मनश्शेच्या टेकड्यांवर, इ.स.पू. १२०० ते १००० च्या सुमाराची शेकडो लहान लहान खेडी पुरातत्त्ववाल्यांना सापडली आहेत, बरीचशी तटबंदी नसलेली, राजवाडा नाही, मोठं देऊळ नाही. तिथली घरं बहुतेक एका धाटणीची, दगडी खांबांच्या रांगा, खाली गुरं आणि साठवण, वर माणसं, आणि काही ठिकाणी अशी दोन-तीन घरं एकाच अंगणाभोवती. म्हणजे म्हातारा बाप, त्याची लग्न झालेली मुलं, नातवंडं, गडीमाणसं, असा गोतावळा. घराण्याचा प्रमुख म्हणजे हा म्हातारा. पुढे ज्यांना बायबल गावचे वडील म्हणतं ते असल्याच म्हाताऱ्यांमधून आलेले.

पदांची गल्लत करू नका

हे पटकन उरकू. वाचताना चार प्रकारची माणसं भेटतात. वंशाचे सरदार, हे गणनेत आणि यहोशवात जास्त, प्रत्येक वंशाला एक. वडील किंवा वडीलजन, हे सगळीकडे, निर्गमापासून एज्रापर्यंत. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवरचे नायक, हे निर्गम १८ मध्ये सगळ्या लोकांचा पुढारी मोशे याचा सासरा इथ्रो सुचवतो, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी भांडणं एकटा मोशे सोडवत बसलेला त्याला दिसतो आणि तो सरळ सांगतो की असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. आणि चौथे शास्ते, दबोरा, गिदोन, इफ्ताह वगैरे, हे घराण्यामुळे पुढे आलेले नाहीत, संकटाच्या वेळी उभे राहिलेले. वहीत पहिल्या रकान्यात नावासोबत यातला प्रकार लिहीत चला. कधीकधी एकच माणूस दोन प्रकारांत बसतो, बसू द्या.

आता गणनेच्या याद्या, जिथे सगळे सोडून देतात

इथे थोडा वेळ द्या, खूप मिळतं. पहिल्या अध्यायात मोशे आणि त्याचा भाऊ, याजक अहरोन, यांच्यासोबत खानेसुमारीला प्रत्येक वंशातून एक असे बारा जण नेमले जातात. रऊबेनाचा अलीसूर, शिमोनाचा शलुमीएल, यहूदाचा नहशोन, इस्साखाराचा नथनेल, जबुलूनाचा अलीयाब, एफ्राइमाचा अलीशामा, मनश्शेचा गमलीएल, बन्यामीनाचा अबीदान, दानाचा अहीएजर, आशेराचा पगीएल, गादाचा एल्यासाफ, नफतालीचा अहीरा. पाठ करायची गरज नाही, पण एका पानावर ओळीने लिहून ठेवा. लेवी यात नाही, तो पवित्र मंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, सेवेला बाजूला काढलाय, आणि बाराचा आकडा राहावा म्हणून योसेफाचे दोन, एफ्राइम आणि मनश्शे, वेगळे धरलेत.

या बारापैकी दोन नावांखाली रेघ मारा. नहशोन हा अहरोनाचा मेहुणा, त्याची बहीण अलीशेबा अहरोनाची बायको (निर्गम ६), आणि रूथच्या शेवटी वंशावळ बघितली तर याच नहशोनाच्या पुढे बवाज आणि त्याच्या पुढे दावीद राजा. दुसरा अलीशामा, पहिल्या इतिहासाच्या ७ व्या अध्यायातल्या वंशावळीप्रमाणे तो यहोशवाचा आजोबा. म्हणजे पुढारीपण कुठून कुठे जातंय, कोणाची सोयरीक कोणाशी आहे, हे नुसत्या नावांच्या यादीतून दिसायला लागतं, आणि म्हणूनच मी म्हणतो या याद्या टाळू नका.

मग दुसरा अध्याय घ्या आणि वहीत चौकोन काढा. मधे मंडप. पूर्वेला यहूदा, इस्साखार, जबुलून. दक्षिणेला रऊबेन, शिमोन, गाद. पश्चिमेला एफ्राइम, मनश्शे, बन्यामीन. उत्तरेला दान, आशेर, नफताली. प्रत्येक बाजूला तीन वंश एका निशाणाखाली आणि प्रत्येक वंशाचा सरदार तोच, खानेसुमारीतला. निघताना पूर्वेचे आधी, उत्तरेचे शेवटी. याकोबाचा थोरला मुलगा रऊबेन होता पण पहिला मान यहूदाला दिलाय हे लक्षात घ्या. आणि ३ ऱ्या अध्यायातून याच चित्रात लेव्यांची घराणी भरा: कहाथाची घराणी दक्षिणेला, म्हणजे रऊबेनाच्या शेजारी.

आता १६ वा अध्याय वाचा. मोशेविरुद्ध बंड कोण करतं? कहाथाच्या घराण्यातला कोरह, आणि रऊबेनाचे दाथान आणि अबीराम. शेजारी शेजारी तंबू असलेले. एकाला वाटतंय याजकपण आपल्याला का नाही, दुसऱ्यांच्या वंशाचं थोरलेपण गेलेलं. त्यांच्यासोबत मंडळीतले २५० सरदार. एवढे सरदार? हो, म्हणजे सरदार हा शब्द फक्त त्या बारांपुरता नव्हता, खालच्या थरातही नावाजलेली माणसं होती आणि त्यांचा पाठिंबा मिळवल्याशिवाय बंड उभं राहत नव्हतं. हे चित्र काढलेलं नसेल तर या बंडाची गोष्ट नुसती चमत्काराची गोष्ट म्हणून वाचून सोडून दिली जाते.

७ वा अध्याय बायबलमधल्या सगळ्यात लांब अध्यायांपैकी एक, ८९ वचनं, आणि बारा दिवस बारा सरदार एकसारखंच अर्पण आणतात. १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, आणि जनावरं. प्रत्येकाचं तेच, आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी पूर्ण यादी पुन्हा लिहिलीय. वैतागू नका. लोकसंख्या बघितली तर यहूदा ७४,६०० आणि मनश्शे ३२,२००, दुपटीहून जास्त फरक, तरी दोघांचं ताट एकाच वजनाचं, दोघांना एकेक पूर्ण दिवस. मोठा वंश, छोटा वंश, मान सारखा. मला तर वाटतं ही पुनरुक्ती मुद्दाम आहे, कोणाचंही अर्पण "वरीलप्रमाणे" म्हणून उरकलेलं नाही. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून दिलेल्या ६ गाड्या आणि १२ बैल पण आहेत, दोन सरदारांत एक गाडी आणि प्रत्येकी एक बैल, आणि त्या गाड्या मंडपाचं सामान वाहायला लेव्यांना गेल्या. म्हणजे सरदाराचं एक काम अगदी व्यवहारी, सामाईक खर्चाचा वाटा आपल्या वंशाच्या वतीने उचलायचा.

१० व्या अध्यायात चांदीचे दोन कर्णे आहेत. दोन्ही वाजले तर सगळी मंडळी जमायची, एकच वाजला तर फक्त सरदार. छोटी गोष्ट, पण यावरून कळतं की बैठका दोन प्रकारच्या होत्या, लहान आणि मोठी.

शेवटी ३४ वा अध्याय उघडा, जमीन वाटायला नेमलेली माणसं, आणि तुमच्या पानावरच्या पहिल्या यादीशी जुळवा. एकही नाव जुळत नाही. मधे चाळीस वर्षं गेलीत, ती पिढी वाळवंटात संपली. १३ व्या अध्यायात देश हेरायला पाठवलेले बारा, तेही आपापल्या वंशातले सरदारच म्हटलेत, त्यातले दोघेच इथे पुन्हा दिसतात, यहूदाचा कालेब आपल्या वंशाच्या वतीने आणि एफ्राइमाचा यहोशवा वाटणीचा प्रमुख म्हणून. बाकी दहा हेरांनी लोकांना घाबरवलं होतं आणि लोकांनी त्यांचं ऐकलं, मोशेचं नाही. चौथ्या रकान्यात हे नक्की लिहा. रऊबेन आणि गाद ३४ व्या यादीत का नाहीत असं विचाराल तर त्यांनी यार्देनेच्या पूर्वेला आधीच जमीन घेतली होती.

वेशीवर जाऊन बसा

आता सरदार सोडून वडिलांकडे या. खरं रोजचं काम इथे चालायचं, गावाच्या वेशीत. उत्तरेला तेल दान इथल्या उत्खननात वेशीपाशी दगडी बाक सापडलाय, बसायला. शेताला जाणारा येणारा प्रत्येकजण तिथूनच जायचा, त्यामुळे साक्षीदार हवे असतील तर हीच जागा.

रूथचा ४ था अध्याय या कामासाठी सगळ्यात चांगला नमुना आहे, सावकाश वाचा. बवाज वेशीत जाऊन बसतो. जवळचा नातेवाईक जाताना दिसतो, त्याला बसवतो. मग गावच्या वडिलांतले दहा जण बोलावून बसवतो. मग विषय काढतो: रूथची सासू नामी ही जमीन विकतेय, तुझा हक्क पहिला, घेणार का? तो म्हणतो घेतो. मग बवाज सांगतो की जमिनीसोबत मेलेल्या माणसाचं नाव चालवायला त्याची विधवा रूथही आली, तेव्हा तो मागे हटतो आणि पायातली चप्पल काढून देतो, व्यवहार पक्का. वडिलांनी यात स्वतः काही ठरवलं का? नाही! त्यांनी ऐकलं, आम्ही साक्षी आहोत म्हटलं, आशीर्वाद दिला. त्यांचं तिथे असणं हेच काम. कागद नसलेल्या समाजात दहा म्हाताऱ्यांची आठवण म्हणजेच नोंदवही.

पण सगळीच कामं इतकी सोपी नव्हती. अनुवाद २१ मध्ये रानात कोणी मारलेला सापडला आणि मारणारा कळत नाही अशी बाब आहे. तेव्हा वडील आणि न्यायाधीश बाहेर येऊन प्रेतापासून आजूबाजूच्या गावांपर्यंत अंतर मोजतात, जे गाव सगळ्यात जवळ त्याच्या वडिलांनी एक कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात न्यायची, तिची मान मोडायची, हात धुवायचे आणि सांगायचं की हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही. म्हणजे आपल्या हद्दीजवळ खून झाला तर जबाबदारी कोणावर तरी यायलाच हवी, आणि ती गावाच्या वतीने वडील घेतात. ज्याच्या हातून चुकून खून झालाय असा माणूस आश्रयाच्या नगरात पळून आला तर वेशीतच त्याचं म्हणणं तिथले वडील ऐकून घेतात (यहोशवा २०), आणि मुद्दाम खून केलेला असेल तर त्याच्या गावचे वडील माणसं पाठवून त्याला परत आणवतात (अनुवाद १९). दोन गावांचे वडील समोरासमोर, वर कोणी राजा नाही, तरी नियम चालतोय.

सलाफहादाच्या पाच मुली

ही केस मला सगळ्यात जास्त आवडते आणि कुठल्याही ग्रुपमध्ये शिकवायची तर हीच घ्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, मनश्शेच्या वंशातल्या. बाप मेला, भाऊ नाही. गणना २७ मध्ये या पाच जणी मंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सगळे सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं, आम्हाला वतन द्या. आणि मिळतं, आणि पुढच्यांसाठी नियम होतो.

पण इथेच थांबू नका, बरेच जण थांबतात. ३६ व्या अध्यायात त्याच वंशातले, गिलादाच्या कुळातले घराण्यांचे प्रमुख तक्रार घेऊन येतात: या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केलं तर आमच्या वंशाची जमीन तिकडे जाईल. मग ठरतं की लग्न त्यांना आवडेल त्याच्याशी, पण आपल्या बापाच्या वंशातल्या कुळात. त्या चुलत भावांशी लग्न करतात. आज वाचताना हे खटकतं, खटकलंच पाहिजे, पण पुढाऱ्यांचं काम काय होतं ते इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. मोठ्या सभेत एक हक्क मिळतो, आणि मग खालच्या थरातले प्रमुख त्याचा आपल्या कुळावर काय परिणाम होतो ते बघून पुन्हा तोच विषय वर आणतात, आणि निर्णय दुरुस्त होतो. सरदारांपुढे तुम्ही अपील करू शकत होतात, बाई असलात तरी.

आणि आता खरी गंमत. १९१० मध्ये सामारियाच्या उत्खननात, म्हणजे उत्तरेच्या राज्याच्या राजधानीत, खापरांचे तुकडे सापडले, शाईने लिहिलेले, इ.स.पू. आठव्या शतकातले, तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी. त्यावर माल कुठून आला त्या भागांची नावं आहेत: अबीएजर, हेलेक, शखेम, शमीदा, आणि नोआ, होग्ला. ही सगळी मनश्शेच्या कुळांची नावं यहोशवा १७ मध्ये आहेत, आणि शेवटची दोन तर या पाच बहिणींतली. गोष्ट घडली तशी घडली का हा वाद वेगळा, पण राजे येऊन दोनेक शतकं होऊन गेल्यावरही सरकारी हिशोबात जुन्या कुळांची नावं चालू होती आणि त्यात दोन बायकांची नावं होती, हे खापरावर लिहिलेलं आहे. अबीएजर म्हणजे गिदोनाचं कूळ बरं का.

लढाईच्या वेळी कोण आलं, कोण नाही

शास्तेचा ५ वा अध्याय, कनानी राजांविरुद्धच्या लढाईनंतरचं दबोराचं गीत, बरेच अभ्यासक याला हिब्रू बायबलमधल्या सगळ्यात जुन्या भागांपैकी एक मानतात. वहीत दोन बाजू करा. आले: एफ्राइम, बन्यामीन, माखीर, जबुलून, इस्साखार, नफताली. नाही आले: रऊबेन नुसता विचार करत मेंढवाड्यात बसला, गिलाद यार्देनेपलीकडे राहिला, दान जहाजांपाशी, आशेर समुद्रकिनारी. मेरोज नावाच्या गावाला तर शाप दिलाय. आणि यहूदा, शिमोन यांचं नावच नाही, शिवी पण नाही. ही यादी आणि गणनेतली बाराची यादी शेजारी ठेवा: इथे मनश्शेऐवजी माखीर, गादाऐवजी गिलाद. म्हणजे बाराची ती रेखीव मांडणी नेहमीच तशी नव्हती. आणि न येणाऱ्याला शिक्षा काय? गाण्यात नाव घेऊन लाज काढली. एवढंच हातात होतं.

गिदोनाच्या वेळी (शास्ते ८) सुक्कोथचे पुढारी त्याच्या दमलेल्या माणसांना भाकरी द्यायला नकार देतात, आधी जिंकून ये मग बघू असा भाव. परत येताना तो एका तरुणाला पकडून त्या गावच्या पुढाऱ्यांची आणि वडिलांची नावं लिहून घेतो, ७७ नावं. एका गावात ७७! हा आकडा वहीत लिहाच, वडील म्हणजे दोन-चार जणांची समिती नव्हती, घराण्यागणिक माणूस होता.

इफ्ताहाची बोलणी (शास्ते ११) तर शब्दाशब्दाने वाचण्यासारखी. सावत्र भावांनी हाकलून दिलेला माणूस, आणि शेजारचे अम्मोनी लोक चालून आल्यावर गिलादाचे वडील त्याच्याच दारात. आधी म्हणतात आमचा सेनापती हो. तो जुना हिशोब काढतो. मग भाव वाढतो, सगळ्या गिलादाचा प्रमुख हो. तो पुन्हा पक्कं करून घेतो, ते देवाच्या नावाने शपथ घेतात, आणि मिस्पात लोकांसमोर ते जाहीर होतं. वडील नेता निवडतात, अटी ठरतात, आणि लोकांपुढे शिक्कामोर्तब. पुढे दावीदाच्या वेळी हेब्रोनात इस्राएलचे वडील येऊन करार करतात (दुसरे शमुवेल ५) त्याचा साचा हाच.

दिलेला शब्द

यहोशवा ९ छोटा आहे, पण सोडू नका. गिबोनचे लोक फाटके कपडे, बुरशी आलेल्या भाकरी दाखवून लांबून आलोय असं भासवतात आणि मंडळीचे सरदार शपथ घेऊन मोकळे होतात. तीन दिवसांनी कळतं हे शेजारीच राहतात. सगळी मंडळी सरदारांवर कुरकुर करते. सरदार म्हणतात, शपथ घेतली, आता हात लावता येणार नाही. त्यांना लाकूडतोडे आणि पाणक्ये करतात पण जीव वाचतो. पुढाऱ्याने घेतलेली शपथ सगळ्या मंडळीला बांधते, चुकून घेतली असली तरी, हा नियम लोकांचा राग झेलून पाळला गेला.

राजे आल्यावर काय झालं

रामा इथे संदेष्टा शमुवेलाकडे राजा मागायला जातात ते वडीलच (पहिले शमुवेल ८). आपल्यावर कोणी बसवा असं स्वतःहून म्हणणारे हे लोक, कारण शमुवेलाची मुलं लाच खाणारी निघाली आणि शेजारचे शत्रू पलिष्टी डोक्यावर. दावीद हुशार, तो राजा होण्याआधीच लुटीतला वाटा यहूदाच्या वडिलांना पाठवत होता (पहिले शमुवेल ३०). शलमोनाने मात्र बारा अधिकारी नेमले, प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजवाड्याचं अन्न पुरवायचं (पहिले राजे ४). आकडा बाराच, पण यादी नीट बघा, काही विभाग वंशांच्या नावाने आणि काही सरळ शहरांच्या, आणि दोन अधिकारी राजाचे जावई. जुन्या बारा सरदारांसमोर हे बारा ठेवा, फरक लगेच कळतो, ते आपल्या माणसांकडून वर आलेले, हे राजाकडून खाली पाठवलेले. त्याच्या मुलाच्या, रहबामाच्या वेळी, इ.स.पू. ९३० च्या आसपास, शखेमात जमलेल्या लोकांनी जू हलकं कर म्हटलं, त्याने ऐकलं नाही, आणि उत्तरेचे वंश उठून आपापल्या तंबूंकडे गेले. चौथा रकाना.

आणि नाबोथाची केस, पहिले राजे २१. अहाब राजाला नाबोथाचा मळा हवा असतो, म्हणून त्याची राणी ईजबेल त्याच्या शिक्क्याची पत्रं नाबोथाच्याच गावच्या वडिलांना आणि प्रतिष्ठितांना पाठवते, आणि ते तिच्या सांगण्याप्रमाणे दोन खोटे साक्षीदार बसवून आपल्याच गावच्या माणसाला दगडमार करवतात. रूथ ४ मधले दहा वडील आणि हे वडील एकापाठोपाठ वाचा. पद्धत तीच, सभा, साक्षी, निकाल, आणि आतून सगळं सडलेलं. हे वाचताना मला नेहमी राग येतो तो ईजबेलीपेक्षा या वडिलांचा, कारण नाबोथाने जमीन विकायला नकार दिला तो पूर्वजांचं वतन म्हणूनच, आणि ते वतन राखणं हेच यांचं काम होतं.

इतिहास म्हणून किती धरायचं

हा प्रश्न येणारच. बायबलबाहेरचा इस्राएल या नावाचा सगळ्यात जुना सर्वमान्य उल्लेख इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात आहे, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा, १८९६ मध्ये थीब्ज इथे सापडलेला. त्यात शेजारच्या शहरांच्या नावांपुढे देशाची खूण आहे आणि इस्राएलापुढे लोकांची. म्हणजे लोक होते, राज्य नव्हतं, एवढं बाहेरच्या माणसाने लिहून ठेवलंय. १९३० मध्ये मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने मांडलं की बारा वंश एका देवस्थानाभोवती ग्रीकांच्या जुन्या संघांसारखे बांधलेले होते, आणि काही दशकं सगळे तेच शिकवत होते, पण पुढे ते टिकलं नाही, कारण शास्तेमध्ये तसं सगळ्यांवर चालणारं केंद्रच दिसत नाही. तुम्ही वाचताना लिहिण्याचा काळ आणि गोष्टीचा काळ वेगळा धरा. गणनेतल्या रेखीव याद्या पुढच्या लोकांनी मागे वळून नीट लावल्यात असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, दबोराच्या गीतातला गोंधळ जास्त जुना वाटतो.

महाराष्ट्रात वाचणाऱ्यांना एक जवळची जागा पण आहे. कोकणातल्या, विशेषतः रायगडच्या, बेने इस्राएल या ज्यू लोकांच्या मंडळीत प्रमुखाला मुकादम म्हणायचे आणि त्याच्यासोबत चौगुले बसायचे, धर्मकार्याला काजी वेगळा. पदांची नावं इथल्या मातीतली. त्यांच्यातल्या जुन्या माणसांशी बोलायची संधी मिळाली तर तंटे कसे मिटायचे ते नक्की विचारा.

आता शेवटचा सराव, एज्रा १०. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले लोक, राजा नाही, जुने वंश बहुतेक विस्कटलेले. परक्या बायकांना सोडायचं की नाही हा फार दुखरा विषय, पावसात चौकात लोक कुडकुडत उभे, आणि तेच म्हणतात की हे एक-दोन दिवसांचं काम नाही, पुढाऱ्यांनी बसावं आणि गावोगावचे वडील आणि न्यायाधीश ठरल्या वेळी त्या त्या माणसासोबत यावेत. मग घराण्यांचे प्रमुख नावानिशी निवडले जातात, दहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बसतात आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला संपवतात. चारही रकाने स्वतः भरा. पहिल्यात घराण्यांचे प्रमुख आणि वडील, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात ठराव, आणि चौथ्यासाठी १५ वं वचन पुन्हा वाचा, विरोध करणाऱ्यांचीही नावं तिथे लिहिलेली आहेत.